गाववाले, ओटे खरे, साल चुकलं

गाववाले, तुमची प्रतिक्रिया वाचली. 'हेलियम विजयदुर्गावर सापडला हे शाळेपासून ऐकतोय, साहेबाने दुर्बिणीसाठी बांधलेले ओटे आजही गडावर आहेत, आणि तुम्ही देवगडचेच असून गावाचा मान घालवता,' असं तुमचं म्हणणं. लॉकियर साहेबाने 1868 मध्ये गडावरून ग्रहण पाहून हेलियम शोधला, या गोष्टीला मी 'भाकडकथा' म्हटलं होतं; तो शब्द जास्त झाला. तो मागे घेतो. मुद्दा नाही घेता येत.

18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर इंग्लंडात होता. युद्ध खात्यात कारकुनी करणारा माणूस. त्याने मागवलेला वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारं यंत्र, हातात पडला तोच ऑक्टोबरात. 20 ऑक्टोबरला त्यातून त्याने ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेच्या ज्वाळा टिपल्या. त्यांच्या वर्णपटातली पिवळी रेघ 587.6 नॅनोमीटरची. सोडियमच्या रेघा 589.0 आणि 589.6 वर, म्हणजे अगदी शेजारी, पण ही त्यांतली नव्हे; हीच पुढे हेलियमची ठरली.

ग्रहण पाहिलं फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने, आंध्रातल्या गुंटूरहून. ज्वाळा ग्रहणाशिवायही दिसतील हे त्याला तिथेच सुचलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या पाहिल्याही. लॉकियरच्या दोन महिने आधी! पण पत्र लिहिलं महिन्याने. पॅरिसच्या अकादमीत दोघांची खबर पोचली एकाच दिवशी, 26 ऑक्टोबरला. आपल्याकडे हातभर बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाची पायरी झिजते. फ्रान्सात 1872 मध्ये दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले नि प्रकरण मिटलं.

ते पदकही ज्वाळा पाहण्याच्या युक्तीचं, हेलियमचं नव्हे. रेघ नव्या मूलद्रव्याची, हे लॉकियरचं म्हणणं पुष्कळांना पटलं ते 1895 मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमझेने क्लेव्हाइट खनिजातून तो वायू काढला तेव्हा. अन्याय शोधायचाच तर मद्रास वेधशाळेच्या पॉगसनचा शोधा. मछलीपट्टणमला पिवळी रेघ त्यानेही नोंदली होती; त्याचा अहवाल फारसा कुणापर्यंत पोचलाच नाही.

मग ओटे? 22 जानेवारी 1898 चं खग्रास ग्रहण कोकणावरून गेलं, तेव्हा लॉकियर खरोखरच विजयदुर्गाला आला होता. 'मेल्पोमीन' या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या हाताखाली होते. ओटे त्याच मुक्कामाचे असावेत, असं मला वाटतं. म्हणजे साहेब खरा, ग्रहण खरं. तीस वर्षं तेवढी इकडची तिकडे झाली.

18 ऑगस्टच्या कार्यक्रमाला बोलवा, येईन. पण आपल्या श्रावणातल्या पावसात गडावरून साहेबाला सूर्य दिसला असता का, हे तुम्हीच सांगा.