मफलरची पाठ कुठली? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती. तेव्हा राग आला, म्हणून उत्तर दिलं नाही. काल रात्री मफलर पेटीतून काढला, दिव्याखाली धरून उलटासुलटा करून पाहिला, आणि आता लिहायला बसले.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून सांगते. केबल (टाके एकमेकांवरून ओलांडून घातलेला दोरासारखा पीळ) आणि जाळीच्या मफलरची कृती मी इथं दिली होती, 'दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा' असं मोठ्या ठसक्यात लिहून. ताईंनी तो अख्खा विणला. त्यांचं म्हणणं असं की जाळी मागून गबाळी दिसते, मधली केबल नागमोडी गेली, ६० टाक्यांत ८ इंच रुंदी म्हटली होती ती साडेपाचच भरली. आणि वर, विदर्भाच्या उन्हात लोकर कोण घालतं, हे सगळं फोटोपुरतं.

जाळीचं तुमचं खरं आहे. भोकं दोन्हीकडून सारखीच दिसतात, पण दोन टाके एकत्र विणले की पुढून जी सुबक तिरपी रेघ येते, तिच्या जागी मागे नुसता गाठीसारखा फुगवटा उरतो. मी पानांची जाळी दिली होती. ती एक सुई (विणलेली एक ओळ) सोडून एका सुईला, म्हणजे कायम पुढच्याच बाजूनं विणली जाते, मग पानं एकाच अंगाला उठणार. मला हे विणतानाही दिसत होतं, पण फोटोत पाठ येत नव्हती. 'तंतोतंत' हा शब्द मी खोडला आहे.

केबलच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही. तिचा पाया एक सुलट, एक उलट असा आहे. उलट टाके आत दबतात, सुलट वर येतात, आणि हे दोन्ही अंगांनी होतं, म्हणून केबलला पाठच राहत नाही. अट एकच, १२ टाक्यांचे अर्धे ६, हा आकडा सम हवा, नाहीतर पीळ घातल्यावर सुलटवर उलट येऊन बसतो. तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. मधली केबल तीनदा बरोबर वळली आहे आणि चौथ्यांदा दुसरीकडे. माझा अंदाज सांगते, बघा पटतो का. तुमची मोजणी एका सुईनं चुकली, पीळ मागच्या बाजूला आला, आणि तुम्ही विचार केला की आता उलट बाजू आहे तर जास्तीची सुई (पीळ घालताना अर्धे टाके जिच्यावर काढून ठेवतो ती) मागे धरायला हवी. तिथंच फसलं.

घरात अंबाडीचा दोर असेल तर हातात घ्या. असा धरा, तसा धरा, टोकं बदला, पीळ त्याच अंगाचा दिसतो. केबलही दोरच आहे. सुई पुढे धरून घातलेला पीळ मागूनही त्याच दिशेला वळलेला दिसतो. म्हणून बाजू कुठलीही असो, पीळ घालायचं ८ व्या सुईला आठवलं की ९ व्या, जास्तीची सुई दर वेळी पुढेच धरायची. एखादा वळसा थोडा लांब होईल, पण दिशा बदलणार नाही. हे मी मूळ कृतीत लिहायला हवं होतं, मला ते इतकं अंगवळणी पडलेलं की सुचलंच नाही.

जाळी आता बदलली आहे. पानांच्या ९ टाक्यांऐवजी ८ टाके, आणि दर सुईला एकच काम : सुईवर लोकर घ्यायची, दोन टाके एकत्र उलट विणायचे, असं चार वेळा. जाळी साधी दिसते, पानांची ऐट तिला नाही. एकूण टाके ५८. कडेचे ३ सुलट, मग केबल, जाळी, केबल, जाळी, केबल, शेवटी ३ सुलट. गंमत बघा, परत फिरल्यावरही अक्षरशः हीच सुई विणायची आहे. दोन्ही अंगांनी कृती एक, मग पाठ येणार कुठून? सुया ८ नंबरच्याच.

रुंदीचं : चूक अर्धी माझी. एक सुलट एक उलट आधीच आवळतं, त्यात केबल आणखी ओढून घेते. माझे ८ इंच हे धुतल्यानंतरचे. मी मफलर कोमट पाण्यात भिजवते, न पिळता टॉवेलात दाबते, बाजेवर गोधडी टाकून त्यावर ताणून टाचण्या लावते आणि सावलीत वाळू देते. खऱ्या लोकरीचा मफलर तसा ताणलेला राहतो. तुम्ही अॅक्रिलिक वापरलं आहे, ते पाण्यानं ऐकत नाही, वाळलं की पुन्हा आपल्या जागी. त्यावर इस्त्री मात्र टेकवू नका, कायमचं लुळं पडतं. दोन केबल जास्त घालून विणणं बरं. साडेपाच इंची मफलर लहान पोराला छान होतो, उसवू नका.

आणि उन्हाचं. मे महिन्यात आम्हीही लोकरीला हात लावत नाही, डोक्याला सुती दुपट्टा असतो. पण डिसेंबर-जानेवारीत पारा ८-९ वर येतो, आणि हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायची लाइन नेमकी रात्री येते. आमच्या घरचे दीड वाजता उठून ओलिताला जातात. अंधारात खुंटीवरचा मफलर ओढतात, कानावरून दोन वेढे घेतात, टॉर्च काखेत धरतात आणि चालले. त्यांनी बाजू बघितलेली मी आजवर पाहिली नाही. पहिला मफलर एकाच बाजूचा होता, तर निम्म्या वेळा माझी सगळी मेहनत आतल्या अंगाला आणि गाठी बाहेर. सासूबाई हसायच्या, 'कायले एवढं नक्षीकाम करून राह्यली, त्याले बांध्यावर कोन पाह्यते?' तेव्हापासून मी दोन्ही अंगांचा विणायला लागले.

गाठींवरून आठवलं, तुमच्या मफलरला मधेच एक गाठ दिसते. पाठच नाही म्हटल्यावर ती लपवणार कुठे? नवा गुंडा कडेच्या तीन टाक्यांतच सुरू करायचा. खरी लोकर असेल तर दोन्ही टोकं थोडी उकलून, ओली करून तळहातावर जोरात चोळली तर एकमेकांत धरतात, गाठीची गरजच नाही. अॅक्रिलिकला ही युक्ती लागू पडत नाही.