‘काका, झोपा आता’ या प्रतिक्रियेला उत्तर

निनावी वाचक,

‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन टीव्हीवरच्या थेट विनोदी कार्यक्रमाचा जुना काळ भारी होता, अशा माझ्या लेखाखाली तुम्ही सहा ओळी खरडल्यात. आधी चूक पदरात घेतो. विनोदी नट एडी मर्फीला कार्यक्रमाचा जनक आणि निर्माता लॉर्न मायकल्सने आणलं, असं मी लिहिलं होतं. मर्फी १९८० मध्ये आला तेव्हा मायकल्स कार्यक्रम सोडून गेलेला होता, तो परतला १९८५ मध्ये. तुमचं बरोबर. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘काका’चं बघू. तुमचं वय मला ठाऊक नाही, माझं तुम्हाला नाही. ‘काका, झोपा आता’ हा मुद्दा नव्हे, टपली आहे, आणि टपली मारायला आधी ओळख लागते.

तुमचं मुख्य वाक्य: ‘चांगली स्केचं (म्हणजे छोटे विनोदी प्रवेश) तेवढी लक्षात राहिली, म्हणून जुना काळ भारी वाटतो.’ म्हणजे मी काय डोळ्यांना गाळणी लावून बसत होतो? १९९१ साली अमेरिकेत शिकायला आलो, तेव्हापासून शनिवारी रात्री साडेअकराला टीव्हीसमोर. रूममेट झोपलेला, म्हणून आवाज इतका बारीक की अर्धे विनोद ओठांवरून ओळखायचे. पुढे लग्न झालं, मुलं झाली, शनिवार सुटला नाही. तुम्ही बघता दुसऱ्या दिवशी चार मिनिटांची क्लिप, तीही चार लोकांनी नावाजलेली. गाळणी कोणाकडे आहे, सांगा बरं!

संध्याकाळी आठला प्रेक्षकांपुढे रंगीत तालीम होते. तिथे पडलेली स्केचं उडवतात, तरी उरलेल्यांतली काही थेट प्रक्षेपणात सपशेल आपटतात. संवाद लिहिलेल्या क्यू कार्डावर नजर लावून कलाकार वाक्य म्हणतो आणि कार्यक्रमाच्या स्टुडिओ ८-एचमध्ये कोणी हसत नाही. ती शांतता क्लिपमध्ये येत नाही हो. १९९४-९५ चा हंगाम समीक्षकांनी सोलून काढला होता. मी त्यातला एक भाग चुकवला नाही. आणि एक वाजायला दहा मिनिटं असताना येणारं ते शेवटचं, कुठेच न बसणारं विक्षिप्त स्केच? त्याच्यासाठी तर खास जागायचो.

मे १९९४ मध्ये कार्यक्रमातला कलाकार फिल हार्टमनच्या निरोपाच्या भागात तो शेवटी सहकलाकार ख्रिस फार्लीला जवळ घेऊन बसला, तेव्हा डोळे भरून आले, एवढंच मी लिहिलं. त्यावर ‘रडूबाई’ म्हणायला काय अक्कल लागते?

आताची लेखकांची फळी, स्त्री कलाकारांना मिळणारी कामं वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे स्वतंत्र लेखाचे आहेत. सवडीने.

राहिलं तुमचं आव्हान: ‘त्या काळातलं एक तरी रद्दी स्केच सांगा.’ ढिगाने होती! ढिगातलं एकेक कोण लक्षात ठेवतं? काल रात्री मुद्दाम आठवायला बसलो, तर हार्टमन आणि फार्लीच पुन्हा पुन्हा समोर येत राहिले. एक वाजून गेला. म्हणून ती नव्हतीच असं होत नाही. आणि झोपायचं कधी, ते माझं मी बघतो.