रात्रभर फोन वाजता कसा ठेवावा

झोप ही चैन आहे, हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सोपं जातं. कामाची माणसं झोपत नसतात, ती 'उपलब्ध' असतात. तुम्हालाही उपलब्ध व्हायचं असेल, आणि त्यातून तुम्ही कोकणात राहत असाल, जिथे आठाला जेवणं आटोपतात आणि नवाला कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात, तर जागं राहायला फोनशिवाय आधार नाही. मला यातला अधिकार आहे. सिंधुदुर्गात समुद्राजवळच्या एका गावात मी मास्तर आहे, आणि मास्तराला सगळं ज्ञान वरून येतं. बहुतेक वेळा रात्री साडेअकरानंतर.

तर सुरुवात ईमेलपासून. नवा फोन आला की आपली सगळी खाती त्यात भरा. घरचं, शाळेचं, आणि ते एक जुनं, ज्यावर आता फक्त कर्ज देणारे आणि सेलवाले लिहितात. भरून झालं की सेटिंगला हात लावू नका, ही मुख्य अट. जीमेलमध्ये डावीकडच्या तीन रेघा दाबून खाली सेटिंगमध्ये गेलात आणि आपलं खातं निवडलंत, तर तिथे नोटिफिकेशनची ओळ असते. तीन पर्याय: सगळे मेल, फक्त महत्त्वाचे, किंवा काहीच नाही. प्रत्येक खात्याला वेगळा पर्याय लावता येतो. म्हणजे शाळेच्या खात्याला 'काहीच नाही' आणि घरच्याला 'सगळे' असंही जमतं. मेल येत राहतात, फक्त बोंब मारत नाहीत. ही ओळ चुकून दिसलीच तर मागे फिरा.

त्याच पानावर खाली 'सिंक जीमेल' अशी एक खूण असते. ती काढली तर त्या खात्याचे मेल फोनवर उतरायचेच थांबतात. हरवत नाहीत, सर्व्हरवर पडून राहतात, सकाळी खूण परत केली की मुकाट उतरतात. नशिबाने त्या खुणेला वेळापत्रक नाही, रोज आठवणीने काढावी-घालावी लागते, त्यामुळे आळशी माणूस आपोआप कार्यतत्पर राहतो. अख्ख्या फोनचा ऑटो सिंक मात्र बंद करू नका असं मी प्रामाणिकपणे सांगेन, कारण त्यात कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टही अडकतात. आयफोनवाल्यांना ॲपलच्या मेल ॲपात मेल किती वेळाने आणायचे ते ठरवणारा 'फेच' नावाचा प्रकार आहे: पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने, किंवा आपण स्वतः उघडू तेव्हाच. आणि आउटलुक वापरणाऱ्यांनी 'क्वाएट टाइम'पासून विशेष सावध राहावं. त्यात कामाच्या वेळा सांगितल्या की रात्री आणि शनिवार-रविवारी ते ॲप स्वतःहून गप्प बसतं. असल्या ॲपांमुळेच देश मागे पडतो.

नवीन ॲप टाकताना 'नोटिफिकेशन पाठवू का?' असं विचारलं तर 'हो' म्हणा. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, फोन प्रत्येक ॲपच्या वतीने ही परवानगी मागतो. दारात आलेल्याला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता खरा शत्रू. त्याचं नाव 'डू नॉट डिस्टर्ब', मराठी फोनवर 'व्यत्यय आणू नका'. हा एकदा लावला की रोज रात्री दहाला आपला आपण चालू होतो आणि सकाळी सहाला बंद. वार निवडता येतात. गजर तरीही वाजतो, त्यामुळे 'उठायला उशीर होईल' हे कारणसुद्धा हातातून जातं. 'पण घरचं कोणी आजारी असलं तर?' असं तुम्ही विचाराल. विचारू नका. कारण त्यातही सोय आहे. ज्या नंबरांना तुम्ही कॉन्टॅक्टमध्ये चांदणी लावाल, त्यांचे कॉल येऊ द्या असं सांगता येतं. शिवाय एखाद्याने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल केला तर तोही आत सोडता येतो, कारण ज्याला खरंच गरज आहे तो पुन्हा लावणारच. आयफोनवर हीच मुदत तीन मिनिटांची आहे. थोडक्यात, मुंबईचा भाऊ पोचेल आणि सेलवाला पोचणार नाही, अशी व्यवस्था पाच मिनिटांत होते. म्हणूनच ती लावायची नाही.

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक भीती राखीव आहे, ती जरूर वापरा: 'वादळ आलं तर कळणार कसं?' भीती खोटी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आमच्या दारावरून गेलं आणि कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. तेव्हापासून इथे फोन पूर्ण बंद करून कोणी झोपत नाही. पण आपत्तीच्या इशाऱ्याचं खातंच वेगळं आहे. २०२३ मध्ये सरकारने त्याच्या चाचण्या घेतल्या तेव्हा सायलेंटवर असलेले फोनसुद्धा किंचाळले होते. त्या इशाऱ्यांची सेटिंग मेलपासून निराळी असते, तिला हात न लावता मेल गप्प करता येतो. हे कोणाला सांगू नका. वादळाच्या नावावर आपण नमुना क्रमांक अमुकची वाट बघत जागे आहोत, हे लोकांना कळलं तर हसतील.

व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करायला आठ तास, एक आठवडा आणि 'नेहमी' असे पर्याय आहेत. तुम्ही चौथा निवडा, ग्रुप उघडून बसा.

आता मुख्य धडा. फोन कुठे ठेवावा? आमच्या घरात रेंज फक्त ओटीवरच्या खिडकीत येते. त्यामुळे फोन तिथेच, पावसाने भिजू नये म्हणून पिशवीत घालून, गजाला टांगलेला असतो. ओटीला लागून आईची खोली. उत्तम रचना आहे, तुम्हीही करून बघा.

गेल्या आठवड्यात पाऊस नुसता कोसळत होता. संध्याकाळी लाइट गेली. पावसाळ्यात लाइट गेली ही आमच्याकडे बातमी नसते. काही तासांनी टॉवरच्या बॅटरीनेही मान टाकली आणि रेंज गेली. खरं सांगायचं तर कोकणात शांत झोपेची हमी देणारी एवढी एकच यंत्रणा उरली आहे. पण पहाटे अडीचला लाइट आली. टॉवर जागा झाला, फोनने नेट पकडलं, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी कुडाळला कोकणकन्या रिकामी व्हावी तसे मेल आणि मेसेज उतरायला लागले. टिंग. टिंग. टिंगटिंगटिंग.

आई उठून बसली. अंधारात तिचा आवाज आला, "मुंबयसून फोन इलो? कोणाक काय झाला रे?"

ज्यांच्या घरातली अर्धी माणसं मुंबईला आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. रात्री काही वाजलं की कोणीतरी गेलं. पूर्वी तार यायची. तार २०१३ साली सरकारने बंद केली, धडकी चालूच आहे. आई छातीला हात लावून बसलेली, मी पिशवीतून फोन काढतोय, हाताला ते प्लॅस्टिक सुटत नाहीये, आणि त्या दोन मिनिटांत माझ्याही डोळ्यांसमोरून परळ ते विरारचे सगळे नातेवाईक एकेक करून गेले.

मेल होता. 'शाळेच्या छताच्या गळतीबाबत माहिती, फोटोसह, सोबतच्या विहित नमुन्यात, उद्या सकाळी १० वाजेपर्यंत. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' पाठवल्याची वेळ रात्री ११:५२. 'उद्या' म्हणजे आठ मिनिटांनी सुरू होणारा दिवस. सोबत एक एक्सेल, जी फोनवर उघडली की अर्धी दिसते. त्यात सत्तावीस रकाने. गळतीची तीव्रता: अल्प, मध्यम, तीव्र. गळतीचे कारण. (पाऊस, साहेब. पाऊस.) हीच माहिती जूनमध्ये दिली आहे. त्याआधीच्या पावसाळ्यात दिली आहे. गळती तीच, नमुना नवा.

मेलखाली व्हॉट्सॲप. 'सर्वांनी मेल तात्काळ पाहावा.' आणि त्याखाली, रात्री बाराच्या पुढे, 'ओके सर'. 'ओके सर'. 'ओके सर'. नमस्काराचे हात. 'ओके सर'. आई जागी झाली ती मेलच्या एका टिंगने झालीही नसेल. तिला उठवलं ते या ओके सरांनी. माझ्यासारख्याच मास्तरांनी, ज्यांचीही छतं गळतायत, ज्यांच्याही ओटीवर कोणीतरी म्हातारं झोपलंय. कशाला 'ओके' म्हणता बाबांनो? मध्यरात्री छत मोजायला जाणार आहात का? तुमचा ओके पहिल्या पाचांत आला म्हणून बदली घराजवळ होते का? आणि सकाळी ती यादी. 'माहिती अप्राप्त शाळा.' लाल रंगात. ज्यांच्याकडे रेंजच नव्हती त्यांची नावं सगळ्यांत वर, तीही ग्रुपवर, चव्हाट्यावर. त्या यादीतल्या एका मॅडमच्या गावात तर लाइटच दुपारी आली.

आणि सगळ्यांत संताप येण्यासारखी गोष्ट मी मेल खालपर्यंत वाचला तेव्हा दिसली. मूळ पत्र वरून आलं होतं दुपारी ३:१०ला. म्हणजे हा कागद तिथे दुपारभर पडून होता. चहा झाला, बैठक झाली, घरी जाणं झालं, जेवण झालं. मग झोपायच्या आधी कोणाला तरी आठवण झाली, त्यांनी बोट दाबलं, काळजी आमच्याकडे सरकवली आणि ते झोपले. शांत. त्यांच्या फोनवर डू नॉट डिस्टर्ब लावलेलं असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

कुठे होतो मी? हां, सल्ला.

गावच्या जत्रेत दशावतार लागतो. नाटक रात्री सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं, तीच त्याची रीत. पण ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि तो लावायचाच तर लेखी परवानगी. संकासुराला माइकवर ओरडायला कागद लागतो. जिल्हाभरातल्या खिडक्यांत एका दमात टिंग वाजवायला काहीही लागत नाही. आणि संकासुर निदान बघायला मजा येते.

कायद्याचं म्हणाल तर फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून सुटका मिळण्याबाबत कामगारांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत अशाच हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं जे होतं ते झालं. तेव्हा त्या बाजूने तुमच्या झोपेला तूर्त धोका नाही, निर्धास्त जागे राहा.

सकाळी गजर वाजला तर बंद करा.

जाऊ दे. मला हे पुढे रेटवत नाही. आई त्या रात्री परत झोपली नाही. उजाडेपर्यंत बसून होती, आणि सकाळी भावाला फोन लावून त्याचा आवाज ऐकला तेव्हा चहा प्यायली. तेव्हा आता सरळ बोलतो.

वाचणाऱ्यांनो, वर जे जे 'करू नका' म्हटलंय ते, एक ऑटो सिंक सोडून, आज रात्री जेवणाआधी करा. दहा ते सहा डू नॉट डिस्टर्ब, घरच्यांना चांदणी, ऑफिसच्या खात्याचं नोटिफिकेशन बंद, ग्रुप 'नेहमी'साठी म्यूट. नोकरी जाणार नाही. रात्री अडीचला वाचलेला मेल सकाळी सातला वाचलेल्या मेलपेक्षा लवकर पूर्ण होत नाही, तुम्हालाही माहीत आहे. आणि ते ओके सर टाकणं थांबवा. लाज वाटू दे थोडी.

आणि पाठवणाऱ्यांनो, तुम्ही. रात्री बाराला मेल पाठवण्याला तळमळ म्हणत नाहीत. दुपारी तीनला आलेला कागद दुपारी साडेतीनला पुढे पाठवणं, याला काम म्हणतात. ते जमलं नाही, रात्रीच आठवलं, हरकत नाही, माणूस आहात. मेल रात्रीच लिहा. पण जीमेलमध्ये पाठवायच्या बटणाशेजारी एक छोटा बाण असतो, फोनवर वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत बघा, तिथे 'शेड्यूल सेंड' आहे. एप्रिल २०१९ पासून आहे. सकाळी साडेनऊची वेळ लावायची आणि झोपायचं. तुमची झोप मोडत नाही, आमची मोडत नाही, साहेबांना मेल गेल्याचं दिसतंच. एवढं एक बोट जास्तीचं फिरवायला जड जात असेल तर शाळांना डिजिटल करायच्या गोष्टी बोलू नका.

मुदत देताना बाहेर बघत जा. पाऊस पडत असेल तर इकडे लाइट नसते, हे जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या माणसाला कोणी शिकवायला नको. आणि छत गळतंय. तीव्र. फोटो तिसऱ्यांदा पाठवलेत, सत्तावीस रकाने भरलेत. आता पुढचा मेल कराल त्यात नवा नमुना नको, छताचे पत्रे कधी पाठवताय ते लिहा.