आम्ही यंदा यूकेला अप्लाय करतोय

पहिल्यांदा सर्वनामाचं बघा. ‘आमची मुलगी यूकेला जायचं म्हणतेय’ असं सांगत फिरणारे पालक हौशी असतात. मुरलेला पालक म्हणतो, ‘आम्ही यंदा यूकेला अप्लाय करतोय.’ तुम्हाला हे जड जाणार नाही. दहावीला तुम्ही होतातच. ‘आमचं इनऑरगॅनिक जरा मागे आहे’ हे बारावीला लिफ्टमध्ये तुम्हीच सांगितलंत. आता फक्त समुद्र ओलांडायचा आहे.

कोर्सचा आणि विद्यापीठाचा शोध मुलांनी घ्यावा, पालकांनी सोबत असावं, असं समुपदेशक म्हणतात. जरूर सोबत असा. शक्यतो दोन पावलं पुढे.

एखाद्या निवांत रविवारी मुलीला समोर बसवा आणि विचारा, ‘बाळा, तुला काय शिकायचंय? अगदी मोकळेपणाने सांग.’ ती म्हणेल, ‘भूगोल.’ चेहरा हलू द्यायचा नाही. आपल्याकडे भूगोल म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला चाळीस मार्कांचा पेपर. तिकडे तो बीए म्हणूनही शिकता येतो आणि बीएस्सी म्हणूनही. त्यात हिमनद्या येतात, पूर येतात, शहरं कशी वाढतात ते येतं, संगणकावरचे नकाशे येतात. हे सगळं तिने वाचलेलं असतं, तुम्ही वाचायची गरज नाही. ‘छान!’ म्हणा आणि रात्री ती झोपली की तक्त्यात ‘डेटा सायन्स’ लिहा. संगणक दोन्हीकडे आहेच.

हो, तक्ता. एक्सेलशिवाय परदेशी शिक्षण होत नाही. रकाने करा: जागतिक क्रमांक, देशातला क्रमांक, फी, हवामान, ओळखीचं कोण. क्यूएस नावाची संस्था विद्यापीठांची जी जागतिक क्रमवारी काढते, तिच्यात तीस टक्के वजन जगभरच्या प्राध्यापकांच्या मताला असतं, आणि ते मत पहिल्या वर्षाच्या पोरांना कोण कसं शिकवतं याबद्दलचं नसतं. त्याकडे लक्ष देऊ नका. क्रमांक कशासाठी असतो? सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यासाठी. तिथे कोणी ‘शिकवतात कसं?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

आता गोम येते. यूकेत पदवीचे अर्ज यूकॅस नावाच्या एकाच खिडकीतून जातात आणि जास्तीत जास्त पाच पर्याय निवडता येतात. फक्त पाच! आपल्याकडे अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशालासुद्धा दहा कॉलेजं भरता येतात. वर ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हीकडे एकाच वर्षी पदवीचा अर्ज करायचा नाही, हा नियम. असो, पाचांची वाटणी घरच्या घरी होते. दोन बाबांच्या, एक आईची, एक मामाची (तो ऑफिसतर्फे सहा महिने बर्मिंगहॅमला होता, त्यामुळे बेटाचा जाणकार), आणि उरलेली मुलीची. लोकशाही म्हणतात ती हीच.

या लोकशाहीत एकच अडचण आहे. पाचही ठिकाणी अर्जदाराचं निवेदन एकच जातं. म्हणजे पूररेषेबद्दलची उत्सुकता आणि डेटा सायन्सची लहानपणापासूनची तळमळ एकाच मजकुरात बसवायची. २०२६च्या प्रवेशापासून यूकॅसने या निवेदनाचे तीन प्रश्न करून दिले आहेत, पण मर्यादा तीच, मोकळ्या जागा धरून ४,००० अक्षरं. तुम्ही लिहायला बसलात की पहिली ४,००० आजोबांच्या शिक्षणप्रेमात जातात.

निवेदन तुम्हीच लिहा, पण ‘मी’ म्हणून लिहा. फक्त पायजम्यापासून सावध राहा. २००७ साली यूकॅसने अर्ज तपासायला संगणक लावला, तेव्हा असं निघालं की २३४ अर्जदारांनी एकच आठवण लिहिली होती: आठव्या वाढदिवसाला रसायनांचा खेळ करताना आपला पायजमा जळाला आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली. २३४ पायजमे! तेव्हा ‘लहानपणी आजीबरोबर गोदावरीचा पूर पाहिला’ ही आठवण तुमच्या मुलीची असली तरी इंटरनेटवरची एखादी घ्या, असं मी म्हणत नाही. तुम्ही मात्र घ्याल. ‘पूर’ वाचून प्रवेश कोण देणार?

टक्क्यांच्या बाबतीत एक बारकावा कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. बरीच विद्यापीठं भारतीय बारावीसाठी बोर्डवार अटी लावतात. सीबीएसई आणि आयएससीला (म्हणजे आयसीएसईवाल्यांच्या बारावीला) एक आकडा, राज्य मंडळाला त्याहून चढा. आपण मुलीला राज्य मंडळात घातलं ते ‘तिथे मार्क पडतात’ म्हणून. मार्क पडतात ही बातमी तिकडे आधीच पोचली आहे.

मग हॉटेलातला मेळावा. ठाण्यात असो की पुण्यात, वातानुकूलित हॉल, टेबलांवर झेंडे, हातात कापडी पिशवी. मुलीला दाराशी सरबत घेऊन उभं करा आणि टेबलाशी तुम्ही बसा. सल्ला फुकट असतो, कारण विद्यार्थी रुजू झाला की विद्यापीठ सल्लागाराला कमिशन देतं. त्यामुळे ज्या विद्यापीठांचं कमिशन नाही, ती तुमच्या मुलीच्या स्वभावाला मानवत नाहीत, असा निष्कर्ष त्याला पहिल्या पाच मिनिटांत काढता येतो. विद्यापीठाच्या नावात उत्तर इंग्लंडचं गाव आणि पत्त्यात लंडन दिसलं, तर विचारू नका. तिथे ऑफिसच्या इमारतीतले काही मजले म्हणजे ‘लंडन कॅम्पस’ असू शकतो. नातेवाइकांना तरी लंडनच कळतं.

पैशांचं थोडक्यात. व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या फीवर राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून तो लंडनला दरमहा १,५२९ पौंड आणि बाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. लंडनचा हिशेब १३,७६१ पौंडांवर जातो. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून हवी. मेहुण्याकडून दोन दिवसांसाठी आणलेले पैसे, जे फ्लॅटच्या कर्जाच्या वेळी चालून गेले होते, ते इथे चालत नाहीत. खातं आईवडिलांचं असेल तर चालतं, मात्र मुलीचा जन्मदाखला आणि ‘हा पैसा तिने वापरायला आमची संमती आहे’ असं पत्र जोडायचं. सगळ्या प्रकरणात तुमच्या स्वतःच्या नावाने मागितलेला एवढाच एक कागद आहे. तो तेवढा तुम्ही विसराल. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो सगळ्या वर्षांचा आधीच. इकडून वर्षाला दहा लाखांपेक्षा जास्त गेले की बँक वरच्या रकमेवर टीसीएस नावाचा आगाऊ कर कापते, शैक्षणिक कर्जातून गेले तर नाही. कर्ज काढायला हे कारण भावाला सांगा, खरं सांगू नका.

आता खरा विषय, खोली. विद्यापीठ काय, कोणतंही चालेल, पण मुलगी राहणार कुठे, यावर आईबापाने आपलं सगळं कर्तृत्व ओतायचं असतं.

विद्यापीठाचं स्वतःचं वसतिगृह असतं, त्याला हॉल्स म्हणतात. पहिल्या वर्षाला, ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज केला तर, बहुतेक ठिकाणी तिथे जागा मिळतेच. ही व्यवस्था इतकी सोपी आहे की तुम्हाला संशय येईल. येऊ द्या. तारीख जाऊ द्या आणि मग बाहेर शोधायला लागा. आपण ठाण्यात घर शोधलंय, आपल्याला काय ते कमी आहे!

इथेच पहिला धक्का बसतो. इंग्लंडात १ जून २०१९ पासून भाडेकरूकडून दलाली घ्यायलाच बंदी आहे. एक महिन्याचं भाडं ब्रोकरच्या हातावर ठेवल्याशिवाय खोली मिळाली, हे आपल्या मनाला पटत नाही. अनामतही साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. त्यामुळे कोणी ‘मी सध्या परदेशात आहे, खोली दाखवू शकत नाही, पण पैसे आज पाठवले तर किल्ली पोस्टाने येईल’ असं लिहिलं, तर हाच खरा मालक, अशी आपली खात्री पटते. फोटोत खिडकीतून नदी दिसते. भाडं शेजारच्या खोल्यांच्या निम्मं. मुलगी म्हणते, ‘बाबा, हा फोटो मी इंटरनेटवर टाकून शोधून पाहिला, तो कुठल्या तरी हॉटेलचा आहे.’ तिला सांगा, मोठ्यांच्या व्यवहारात बोलू नये.

करार चाळीस आठवड्यांचा की एक्कावन्न, हे ती विचारेल. चाळीसच्या खोलीत उन्हाळ्याच्या सुट्टीचं भाडं भरावं लागत नाही, एक्कावन्नच्या खोलीत भरावं लागतं. तुम्ही फक्त दर आठवड्याचा आकडा बघा, तोही महिन्याचा समजून. पहिले दोन दिवस फार आनंदात जातात. जामीन द्यायला यूकेतच राहणारा माणूस लागतो असं खाजगी मालकाने सांगितलं की बर्मिंगहॅमवाल्या मामाला फोन करा. तो आता कांदिवलीला असतो.

रात्री सगळे झोपल्यावर गूगलच्या नकाशात उतरा आणि त्या रस्त्याने चाला. मी स्वतः असा लीड्सच्या एका गल्लीत सव्वा तास हिंडलो आहे. कचऱ्याचे डबे मोजले. एका दारात उभा असलेला, चेहरा धूसर केलेला माणूस मला फार दिवस खटकत होता. सकाळी कन्येला त्याच्याबद्दल सांगितलं. तिने फोटोची तारीख दाखवली, चित्र कित्येक वर्षांपूर्वीचं होतं. ‘तो एव्हाना घरात गेला असेल, बाबा.’

स्वयंपाकघर हा आईचा प्रांत. खोलीला स्वतंत्र न्हाणीघर असेल, पण किचन सहा-आठ जणांत एक. फ्रिजमध्ये एक फळी आपली. त्या फळीच्या वरच्या फळीवर काय ठेवतात, यावर घरात तीन संध्याकाळी चर्चा होऊ शकते. सामानात कुकर, पोळपाट, खलबत्ता आणि चार किलो मेतकूट बांधून द्या. फोडणी दणदणीत करायला शिकवा. पहिल्या आठवड्यात मोहरी तडतडली की धुराची घंटा वाजते आणि सगळी इमारत थंडीत मैदानात येऊन उभी राहते, पायजम्यात. ओळखी वाढायला याहून चांगला मार्ग नाही. महाराष्ट्र मंडळाचा पत्ताही आधीच काढून ठेवा. लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे. गणपतीला मोदक मिळतील ही सोय विद्यापीठाच्या क्रमांकात धरलेली नसते, तो रकाना आपण वाढवायचा.

दाखवायला म्हणून लंडनला नेलंत तर एक ठिकाण टाळा. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. १९२१-२२मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहून शिकत होते. राज्य सरकारने ते २०१५ साली विकत घेऊन स्मारक केलं. दिवसभर ग्रंथालय आणि रात्री भुकेला पापडाचा आधार, हे त्या दिवसांबद्दल आपण शाळेत ऐकलेलं असतं. तिथे उभं राहून मुलीने ‘त्यांची खोली कोणी शोधून दिली होती?’ असं विचारलं, तर तुमच्याकडे उत्तर नसतं. त्यापेक्षा मादाम तुसाँ बरं.

एवढं सगळं मार्गी लागलं की एक दिवस थेट विद्यापीठालाच फोन लावा. मी लावला. पलीकडून अत्यंत गोड आवाजात विचारलं गेलं, ‘आपण अर्जदार का?’ मी म्हणालो, आम्ही अर्ज केलाय. ‘अर्जदार बाजूला आहेत का?’ अर्जदार क्लासला गेली होती. मग त्याच गोड आवाजात कळलं की अर्जदाराच्या परवानगीशिवाय तिच्या अर्जाबद्दल कोणाशीही बोलता येत नाही. मी वडील आहे, हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बाईंना फारच वाईट वाटलं, पण माहिती मिळाली नाही.

तर शेवटची सूचना, आणि हिला सगळ्यात आधी महत्त्व द्या. यूकॅसच्या अर्जात एक चौकट असते. आपल्या वतीने बोलायला अर्जदाराला तिथे एका व्यक्तीचं नाव देता येतं. एकाच. ती चौकट मुलगी भरत असताना तुम्ही खोलीत असा. मी त्या वेळी लीड्समध्ये होतो.

संध्याकाळी तिचा अर्ज उघडून पाहिला. चौकटीत आजीचं नाव होतं.

आमची आई ब्याऐंशी वर्षांची. तिच्याकडे बटणांचा फोन आहे, इंग्रजीत तिला ‘हॅलो’ येतं. मी तिच्या खोलीत गेलो. ती निवडायची मेथी पुढ्यात घेऊन बसली होती.

‘आई, तिने पाचांत काय काय भरलंय, तुला माहितीये?’

‘माहितीये की.’

‘मग सांग ना.’

‘तुला सांगायचं नाही असं ठरलंय आमचं,’ आई म्हणाली. मग माझी दया येऊन असेल, देठ मोडता मोडता म्हणाली, ‘पुरांचं चांगलं शिकवतात म्हणे तिथे.’