चाळिशीत टेबल टेनिस : अडतं कुठे?

"वय आडवं येतं, दुसरं काही नाही." संजय ठाम होता. सात-आठ वर्षांचं पोर काही महिन्यांत सलग रॅली करायला लागतं आणि चाळिशीतला माणूस वर्षभर हॉलवर येऊनही तिथंच राहतो, हा त्याचा मुद्दा. मेघनाला निरीक्षण मान्य होतं, कारण नाही.

"अरे, ते पोर तासभर करतं काय ते बघ. कोच बादलीतून एकामागून एक चेंडू टाकतो आणि ते नुसता फोरहँड (बॅट धरलेल्या हाताच्या बाजूचा फटका) मारतं. मोठी माणसं आली की चार चेंडू मारून लगेच 'चला, गेम लावू'. गेममध्ये पॉइंट हवा असतो, म्हणून जमेल तसा चेंडू पलीकडे ढकलायचा. मग तोच हात बसतो."

गप्पांत तिसरे होते बापू; त्यांनी तो हात कसा बसतो तेही सांगितलं. बॅट मुठीत आवळलेली, गुडघे ताठ, आणि खांद्यापासून अख्खा हात मागे नेऊन घुमवायचा. चेंडू असतो फक्त २.७ ग्रॅमचा आणि टेबल २.७४ मीटर लांब. हात पाठीमागे गेला की परत यायला उशीर होतो, आणि महिन्याभरात खांदा धरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा पाय किंचित पुढे ठेवावा, गुडघे वाकवावेत, कोपर अंगापासून वीतभर दूर, आणि वळवायची ती कंबर. बॅट कपाळापाशी थांबली पाहिजे. तिरक्या रेषेत फोरहँडला फोरहँड, न चुकता पन्नास चेंडू होईपर्यंत गेमचं नाव काढू नये.

"आणि मुलांचं सगळं सोपं असतं असं नाही हं," बापू पुढे म्हणाले. टेबल ७६ सेंटिमीटर उंच. सात वर्षांच्या मुलाला चेंडू छातीच्या वर येतो, त्यामुळे बॅकहँडला (दुसऱ्या बाजूच्या फटक्याला) कोपर उचलायची सवय लागते आणि उंची वाढल्यावर ती मोडावी लागते. मोठ्यांना ही अडचण नाही.

संजयने नी शियालियानचं नाव काढलं. लक्झेंबर्गची ही खेळाडू २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६१ व्या वर्षी खेळली. "मग आता वयाचं काय?" मेघनाने त्यालाच विचारलं. त्याचं उत्तर योग्य होतं: ती १९८३ मध्ये चीनकडून जगज्जेती होती, हात लहानपणीच तयार झालेला. म्हणजे साठीतही खेळ टिकतो, पण चाळिशीत नव्याने शिकणाऱ्याला हा दाखला लागू पडत नाही.

खरी अडचण फिरकीची, यावर तिघांचं एकमत झालं. मूल हजारो चेंडू घेऊन फिरकी अंगात मुरवतं, मोठ्याला ती समजून घ्यावी लागते. समोरच्याची बॅट वरून खाली चेंडूला घासून गेली की बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी. तिथे आपली बॅट उभी राहिली तर चेंडू जाळीत जातो. बॅट थोडी उघडायची, म्हणजे तिचं तोंड वर कलतं करायचं, आणि चेंडूच्या खालून हलका पुश करायचा. खालून वर गेली तर टॉपस्पिन, म्हणजे पुढे जाणारी फिरकी; तो उघड्या बॅटवर उडून टेबलाबाहेर पडतो, म्हणून बॅट झाकायची, तोंड खाली कलतं. चेंडूवरचा छाप स्पष्ट दिसला तर फिरकी कमी.

संजय म्हणाला, मग बॅटला सरळ लांब पिंपल्सचं, म्हणजे लांब दाण्यांचं रबर लावावं, समोरच्याची फिरकी आपल्याला कमी लागेल. मेघना भडकलीच. "पहिल्या वर्षात नको रे! फिरकी वाचायला शिकायचंच राहून जाईल. दोन्ही बाजूंना साधं, पकड असलेलं इन्व्हर्टेड (वरून गुळगुळीत) रबर, त्याखालचा स्पंज १.५ ते १.८ मिलिमीटर. २.१ घेतलास तर चेंडू हातात राहणार नाही."

"आणि सर्व्हिस," बापू म्हणाले. तिला जोडीदार लागत नाही, आणि तिथे मोठा माणूस मुलाला गाठू शकतो. टोपलीभर चेंडू घ्यायचे, रोज पंधरा मिनिटं. तळहात उघडा, चेंडू निदान १६ सेंटिमीटर सरळ वर. आखूड सर्व्हिसचा पहिला टप्पा आपल्याकडे जाळीच्या जवळ, लांब आणि वेगवान सर्व्हिसचा आपल्या मागच्या कडेजवळ. बॅकस्पिन नीट बसली का ते बघायचं तर समोर कुणालाही उभं करू नका: पलीकडे टप्पे पडल्यावर चेंडू जाळीकडे परत यायला लागला की बसली.