राजधानी फुटबॉलमुळे हलली नाही

दादाने घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला तेव्हा मी काही बोलले नाही. ‘हा इतिहास शाळेत का शिकवत नाहीत?’ अशी सुरुवात असलेले मेसेज रोज येतात, कुणाकुणाला उत्तर देत बसणार? पण परवा भाची वही घेऊन माझ्याकडे आली. आठवीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतलाय. “आत्या, ऐक ना,” म्हणाली आणि वाचायला लागली. पहिलंच वाक्य होतं, “अकरा अनवाणी हिंदू तरुणांनी गोऱ्यांना असं हरवलं, की घाबरून इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेली!” त्याखाली लाल पेनने दोन रेघा मारलेल्या. इथे आवाज चढवायचा, म्हणून.

आता गप्प बसणं शक्य नाही. आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे पेठेपेठेत तालमीचा फुटबॉल संघ असतो आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरात दुसरा विषय नसतो. बाबांच्या तोंडून कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबचं नाव आम्ही लहानपणापासून आदराने ऐकलंय. म्हणून तर जास्त राग येतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मोहन बागान हा आशियातला पहिला फुटबॉल क्लब. त्याच्या अकरा अनवाणी हिंदू खेळाडूंनी गोष्ठ पाल यांच्या नेतृत्वाखाली १९११ साली आयएफए शील्ड ही कलकत्त्याची मानाची फुटबॉल स्पर्धा जिंकली. भारतीयांनी गोऱ्यांना खेळात हरवलं ते तेव्हा पहिल्यांदा. त्या धक्क्याने राजधानी हलली. आणि पुढची शील्ड थेट १९४७ ला आली, कारण तसं भाकीतच झालं होतं.

आधी राजधानीचं बघू, कारण टाळ्या तिथेच पडतात.

फायनल झाली २९ जुलै १९११ ला, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटविरुद्ध. राजधानी हलवल्याची घोषणा पंचम जॉर्जने दिल्ली दरबारात केली १२ डिसेंबरला. दोन तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की पहिलीमुळे दुसरी घडली असं वाटतं, आणि मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच केलंय. मधली कागदपत्रं त्याने उघडलेली नाहीत. व्हाइसरॉय हार्डिंगच्या सरकारने लंडनला भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे पाठवलेला खलिता २५ ऑगस्ट १९११ चा आहे, सिमल्याहून लिहिलेला. तो पुढे जाहीरही झाला, त्यात गुपित काही नाही. राजधानी का हलवायची याची कारणं त्यात सविस्तर मांडलीत. १९०९ च्या सुधारणांनंतर विधिमंडळांचं महत्त्व वाढलं होतं आणि हिंदुस्थानचं मध्यवर्ती सरकार एका प्रांताच्या सरकारच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं, ते अडचणीचं झालं होतं. प्रांतांना हळूहळू जास्त स्वायत्तता द्यायची तर मध्यवर्ती सरकार कुठल्याच प्रांताच्या शहरात नको. बंगालची १९०५ ची फाळणी लोकांनी शेवटपर्यंत स्वीकारली नव्हती, ती दुरुस्त करायची होती. ती दुरुस्त केली की पूर्व बंगालचे मुसलमान नाराज होणार, त्यांना जुन्या मुघल राजधानीचा मान दाखवायचा होता. फुटबॉलचा त्यात कुठेही संबंध नाही.

यावर कुणी म्हणेल, बघा, फायनलनंतर सत्ताविसाव्या दिवशी खलिता गेला, म्हणजे धसका घेतलाच! नाही. व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे सदस्य जॉन जेन्किन्स यांनी राजधानी दिल्लीला नेण्याची टिपणी जूनमध्येच मांडली होती. जूनमध्ये! मोहन बागानने शील्डचा पहिला सामना खेळला जुलैत. ज्या संघाने अजून मैदानात पाऊल टाकलं नाही, त्याला घाबरून सरकार राजधानी हलवायला निघालं, असं आपण आठवीतल्या मुलीला सांगतोय.

अर्धं खरं मात्र यात आहे, ते मान्य करायला हवं. बंगालमधल्या चळवळीने सरकार हैराण झालं होतं. स्वदेशी, बहिष्कार, बॉम्ब, खटले, हे सगळं राजधानीच्या दारात चाललं होतं आणि त्याचा त्या निर्णयाशी संबंध होताच. मोहन बागानचे पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बोस हे स्वतः फाळणीविरोधी चळवळीतले मोठे नेते, पुढे १९१४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. क्लब आणि राजकारण यांचा खरा धागा हा आहे. तो सोडून मेसेजने खोटा धागा विणला.

दुसरा मुद्दा मला जास्त लागला. ‘अकरा अनवाणी हिंदू’. अकरापैकी दहा अनवाणी होते. अकरावे सुधीर चॅटर्जी, लेफ्ट बॅक, बूट घालून खेळले. ते ख्रिस्ती होते, भवानीपूरच्या लंडन मिशनरी सोसायटीच्या कॉलेजात शिकवायचे आणि पुढे रेव्हरंड झाले. शील्ड जिंकणाऱ्या संघाच्या फोटोत ते आहेत, बागानप्रेमींच्या प्रत्येक यादीत ‘रेव्हरंड’ म्हणून त्यांचं नाव आहे. ‘अकरा अनवाणी हिंदू’ या तीन शब्दांत या माणसाचे बूटही काढले आणि धर्मही पुसला. चूक म्हणून हे होत नाही. कुणीतरी बसून वाक्य घासलंय, अडचणीचा माणूस बाहेर काढलाय. आणि आनंद फक्त हिंदूंना झाला होता का? कलकत्त्याच्या ‘द मुसलमान’ या पत्राने तेव्हा लिहिलं होतं की मुस्लिम क्लबची मंडळी हिंदू बांधवांच्या विजयाने आनंदाने वेडी झाली होती. त्या दिवशी मैदानावर जागा नव्हती. मागे उभ्या असलेल्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून स्कोअर लिहिलेले पतंग वर सोडले. पतंग बघून ओरडणाऱ्या त्या गर्दीत कोण कुठल्या धर्माचा, हे या मेसेजवाल्याला शंभर वर्षांनी ठरवायचंय.

मॅचची खरी गोष्ट पुरेशी थरारक आहे. पहिला गोल झाला तो ईस्ट यॉर्कशायरचा, जॅक्सनचा. सामना संपत आला तरी बागान मागेच. शेवटच्या काही मिनिटांत कॅप्टन शिवदास भादुरींनी बरोबरी साधली आणि लगेच अभिलाष घोष यांनी दुसरा गोल मारला, २-१. कॅप्टन शिवदास, हे पुन्हा सांगते. गोष्ठ पाल नव्हेत. गोष्ठ पाल फार मोठे बचावपटू, १९६२ साली पद्मश्री मिळालेले, पण ते बागानकडे आले या विजयानंतर. त्यांना १९११ च्या संघात घुसवून त्यांचाही मान वाढत नाही आणि शिवदास भादुरींचा मात्र जातो.

आशियातला पहिला क्लब? मोहन बागान स्थापन झाला १५ ऑगस्ट १८८९ ला, उत्तर कलकत्त्यात. त्याआधी कलकत्त्यातच गोऱ्यांचे क्लब होते आणि आर्यनसारखा भारतीयांचा क्लबही होता. जुन्या आणि आजही खेळणाऱ्या क्लबांत त्याचं स्थान फार वरचं आहे, एवढं म्हणा, कुणी अडवणार नाही. सुरुवातीला त्याचं नाव ‘मोहन बागान स्पोर्टिंग क्लब’ होतं. वर्षभरात प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक रो यांनी विचारलं, तुमच्याकडे ना मासेमारी ना नेमबाजी, मग ‘स्पोर्टिंग’ कसं? तेव्हापासून ‘अ‍ॅथलेटिक क्लब’. पुढे फुटबॉलबरोबर हॉकी, क्रिकेट सगळंच आलं, पण ते मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

‘पहिल्यांदा हरवलं’ हेही खोटं. कलकत्त्याच्या शोभाबाजार क्लबने १८९२ साली ट्रेड्स कप या स्पर्धेत ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं. खुद्द बागानने १९०६ ते १९०८ असा सलग तीनदा ट्रेड्स कप घेतला होता. शील्ड जिंकणारा पहिला भारतीय संघ, हे मात्र शंभर टक्के बागानचं. आणि फुटबॉल सोडून खेळाचंच बोलायचं तर आपल्या मुंबईत पारशांनी १८९० मध्ये व्हर्ननच्या इंग्लिश क्रिकेट संघाला हरवलं, १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना. त्या हिंदू संघात गोलंदाज पळवणकर बाळू होते, ज्यांना दलित म्हणून आधी पुण्यात स्वतःच्या संघातल्या लोकांशेजारी बसून चहा पिता येत नव्हता. १९११ च्या त्याच उन्हाळ्यात बाळू इंग्लंडमध्ये शंभरावर विकेट घेत होते. त्यांच्यावर मेसेज येत नाही.

भाकिताचं थोडक्यात. दंतकथा अशी की फायनलनंतर एका म्हाताऱ्या माणसाने कलकत्त्यातल्या इंग्रजांच्या किल्ल्यावरच्या, फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून विचारलं, हा कधी उतरणार? उत्तर मिळालं, बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा. बागानची दुसरी शील्ड १९४७ ची, हे खरं आहे आणि ऐकताना अंगावर काटा येतो, तेही खरं. पण मधल्या काळात १९३६ ला मोहमेडन स्पोर्टिंगने आणि १९४३ ला ईस्ट बंगालने शील्ड जिंकली होती. झेंडा तिथेच होता. दंतकथा म्हणून सांगायला माझी हरकत नाही, ‘दंतकथा’ हा शब्द तेवढा लावा.

भाचीने भाषण नव्याने लिहायला घेतलंय. सुरुवात आता पतंगांपासून आहे आणि मधे एक परिच्छेद बूट घालून खेळलेल्या सुधीर चॅटर्जींवर आहे. तो तिने स्वतःहून घातला. दादा, ग्रुपवरचा तुझा मेसेज अजून तसाच आहे आणि खाली बारा जणांनी हात जोडलेत. तो आज काढ, आणि ज्या ज्या ग्रुपवर पुढे पाठवलास तिथे शिवदास भादुरींचं नाव लिहून टाक.