भिजलेल्या ज्वारीवर ताडपत्री टाकू नका

फाल्गुन-चैत्रात सोलापूरकडं एका दिवसात तीन ऋतू उरकतात. पहाटे अंगावर घ्यायला गोधडी लागते, दुपारी पारा ३८ च्या घरात, चारच्या सुमारास आभाळ, मग धुरळा, विजा, वीसेक मिनिटांची सर, आणि मावळतीला परत ऊन. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली तर माणसाच्या हातात काही उरत नाही, ते सोडा. पण नेहमीच्या अवकाळीत मालाची नासाडी पाऊस करतो त्याहून जास्त पावसानंतरच्या रात्री आपण करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी दिवस वाचायचा कसा ते. उत्तरेकडचं कोरडं तापलेलं वारं आणि समुद्रावरून ओल घेऊन आलेलं वारं यांची गाठ विदर्भ-मराठवाड्यापासून खाली कर्नाटकापर्यंत लांबलेल्या पट्ट्यात पडते. त्या पट्ट्याच्या आसपास दुपारच्या उन्हानं हवा वर उचलली की ढग उभे राहतात. म्हणून अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलेलं असतं, आणि ते खरंच असतं. करकंबला रान भिजतं, जवळच्याच मोडनिंबला धुरळा उडत असतो. जिल्ह्याचा अंदाज फक्त सावध राहायला. पुढचं आपल्या बांधावरून बघायचं. सकाळी हवा जड, वारं अक्कलकोटच्या अंगानं म्हणजे आग्नेयेकडून, आणि बारा-एकलाच फुलकोबीसारखे ढग उंच चढायला लागले, तर झाकण्याची तयारी दोनच्या आत संपलेली पाहिजे. गार झुळूक अंगावर आली म्हणजे ढगाखालचं वारं आपल्यापर्यंत पोचलं. तिथून सर दहा-पंधरा मिनिटांवर असते, कधी तेवढीही नाही. तेवढ्यात खळं झाकून होत नाही. शिवाय उघड्या रानात हातात ताडपत्री घेऊन पळणारा माणूस विजेला सोपा सापडतो. फोनवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप ठेवा. लख्ख झाल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत नऊ सेकंद गेले तर वीज तीन किलोमीटरवर आहे, म्हणजे काम टाकून पक्क्या घरात जायचं. बाभळीखाली नाही.

आता ज्वारी. मालदांडीची, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीची, कणसं मोडून खळ्यावर ढीग पडलेला असतो तेव्हाच हे दिवस येतात. कोरड्या ढिगावर पावसाआधी ताडपत्री घातली तर ठीक. भिजलेल्या ढिगावर घातली की घात. ओलं कणीस आत श्वास घेत राहतं, उष्णता कोंडते, आणि एका रात्रीत ढिगाच्या पोटात हात घातला तर ऊब लागते. बुरशी तिथं धरते. दाणा काळा पडला की मोत्यासारख्या मालदांडीचा भाव गेला, मग कितीही ऊन द्या. सर थांबल्यावर पुन्हा यायची चिन्हं नसतील तर ढीग लगेच मोडा, वितीपेक्षा कमी जाडीचा थर पसरा, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी हलवा. रात्रभर आभाळ राहणार असेल तर मधे बांबूचा आडवा दांडा देऊन ताडपत्री त्यावरून सोडा. मालाला चिकटू देऊ नका, खालून हातभर उघडी ठेवा. कडेला दगड ठेवले की वाऱ्यानं ते घरंगळतात. खुंट्या ठोका आणि दोरीनं ताणा. मळणी घाईनं नको. ओलसर कणसं यंत्रात घातली की दाणा फुटतो आणि बोंडं तशीच राहतात. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला पाहिजे. साठवायला ओल बारा टक्क्यांच्या आत हवी.

कडब्याचंही तेच. ओल्या पेंढ्यांची गंजी लावली तर आतून काळी पडते. पेंढ्या सोडून उभ्या करा, वाळल्या की मगच रचा. बुरशी धरलेला कडबा जनावरापुढं टाकू नये, गाभण जनावरापुढं तर नाहीच.

बेदाणा शेडवाल्यांची चूक वेगळी दिसते, पण जातीनं एकच. २०० लिटर पाण्यात ५ किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि ३ लिटर डिपिंग ऑईल (बेदाण्यासाठी वापरायचं तेल), त्यात द्राक्षाचे घड बुडवून रॅकवर टाकले की मण्यावरचं मेण मोडतं आणि पाणी झपाट्यानं बाहेर पडायला लागतं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात नाजूक. त्याच दिवसांत आभाळ आलं की लोक चारही बाजूंचे पडदे खाली ओढतात. आतली दमट हवा आतच राहते, मणी चिकट होतो, मग तांबडा, मग काळा. पडदा फक्त पावसाच्या अंगाचा पाडायचा, उलट बाजूचा अर्धा वर ठेवायचा. सर गेली की सगळे वर. आणि दोन दिवस आभाळाचा अंदाज असेल तर घड वेलीवरच राहू द्या. बुडवलेला माल थांबवता येत नाही, वेलीवरचा येतो.

काढलेला कांदा पातीखाली झाकून ठेवलेला असेल तर तो भिजल्यावर पात बाजूला करा. बस.

डाळिंबात मात्र पावसानंतरची घाई बरोबर आहे. गारेनं फळाला जखम झाली की तेल्या रोगाचे जिवाणू पाण्याच्या थेंबांबरोबर आत शिरतात, म्हणून चोवीस तासांच्या आत अर्धा टक्का बोर्डो मिश्रण फवारा: १०० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम मोरचूद, ५०० ग्रॅम चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवायचं, लोखंडाच्या नाही. मिसळल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, तसंच फवारलं तर पान जळतं. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही.

राहिला पंचनामा. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच सरकारी मदतीत बसतं, हे माहीत असल्यानं कित्येक जण भिजलेला ढीग तसाच झाकून दोन-तीन दिवस तलाठ्याची वाट बघतात. तोवर पुरता सडतो. त्याच संध्याकाळी फोटो काढा, बांध, गट, ढीग एका चौकटीत दिसेल असे, फोनमध्ये तारीख-वेळ आणि लोकेशन चालू ठेवून. फळबागेला गारपिटीचा जादा विमा घेतला असेल तर ७२ तासांच्या आत कळवा. आणि फोटो झाले की ढीग उघडा.